परतवाड्यातलं मादागास्कर

बाजारात संत्री उतरली. कालच पाहून आले. तणसावर रचलेले ढीग, ट्रकच्या मागे पेट्यांना खिळे ठोकणाऱ्यांची ठकठक, आणि सगळ्या रस्त्यावर सालीचा तो डोळ्यांत जाणारा वास. एक फळ उचलून जरा दाबून पाहिलं तर दुकानदार म्हणतो, "मॅडम, दाबू नोका, घ्याचं असन त घ्या." मी म्हटलं, "बाप्पा! तुझ्या घरची सगळी पोरं माझ्या हाताखाली बाराखडी शिकली आणि मी एक संत्रं दाबू नको?" मग रागाच्या भरात टोपलीभर घेतली. दोन माणसांच्या घरात टोपलीभर संत्री कोण खाणार, असं आमच्या ह्यांनी विचारलं. उत्तर त्यांनाही ठाऊक होतं.

नाताळाला सुवार्ता येते आहे. आमची एकुलती एक लेक. मादागास्करमधल्या एका मिशन दवाखान्यात नर्स आहे. तिची तिथली मुदत आता संपते. कायमचं परत यायचं, की सुट्टी काढून पुन्हा जायचं आणि अजून काही वर्षं तिथेच राहायचं, हे तिला दवाखान्याला कळवायचं आहे. आणि पोरीने ते माझ्यावर टाकलं आहे. "आई, तू म्हणशील तसं." मला काय म्हणायचं आहे ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. मला माझी पोरगी घरी हवी. तिच्या खोलीचे पडदेसुद्धा मी धुऊन ठेवलेत.

पण संत्र्यांचा वास आला की तो हंगाम आठवतो, ज्या हंगामात हे मादागास्कर आमच्या घरात शिरलं. आणि खरं सांगू? ते मीच बोलावून आणलं होतं.

आमच्या चर्चमधल्या बायकांची एक रीत आहे. रूथमावशी म्हणतात, त्यांच्या सासूच्या वेळेपासून चालत आली. रूथमावशी म्हणजे गुरुवारच्या प्रार्थनासभेच्या सर्वेसर्वा. कंबर वाकली आहे, आवाज मुळीच वाकलेला नाही. दिवाळी झाली, कापसाची वेचणी लागली, की त्यांच्या अंगणात एक सूप ठेवायचं. सुपात जगातल्या देशांच्या चिठ्ठ्या. प्रत्येक घराने एक उचलायची आणि जो देश निघेल तो ईस्टरपर्यंत आपला. रोज दिवेलागणीला त्याच्यासाठी प्रार्थना करायची. तिथल्या मिशनच्या कामासाठी, दवाखान्यांसाठी, शाळांसाठी, उपाशी माणसांसाठी, लढाईत घरदार टाकून पळालेल्यांसाठी. आणि गुरुवारी सगळ्यांसमोर मोठ्याने मागायचं. मनातल्या मनात मागितलेलं रूथमावशींना चालत नाही. "देवाले ऐकू येते व, पन आमाले बी येऊ दे ना."

एकदा देश हाती आला की तो परका राहत नाही. टीव्हीवर कुठे भूकंपाची बातमी आली की आम्ही आधी आठवतो, तो देश यंदा कुणाकडे आहे. आणि चहा टाकायचा सोडून तिच्या घरी जाऊन बसतो. तीही डोळे पुसत सांगते, "कालच मागतलं होतं मी त्यांच्यासाठी." शेजारच्या वानखडेकाकू, शेतीवाडीवाल्या, रोज तुळशीला पाणी घालणाऱ्या, त्याही कुंपणावरून विचारतात, "मॅडम, यंदा कोन्ता देश भेटला?" लढाईचा देश निघाला की हळहळतात. "गेल्या वर्षीचा बरा होता व तुमचा."

चुका होतात, नाही असं नाही. आमच्या मार्थाकाकूला एकदा समुद्रातलं एक चिमुकलं बेट निघालं. काकूचा जन्म दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातला. गोड्या पाण्यासाठी कोसभर चाललेली बाई, ती दुसरं काय मागणार? दर गुरुवारी जीव तोडून मागायची, "देवा, त्यांच्या विहिरीले पाणी लागू दे. बोअर कोरडा जाऊ देऊ नोको. बंधारे तुडुंब भरू दे." आम्हीही तितक्याच जोराने आमेन म्हणायचो. मग कधीतरी तिच्या सुनेने मोबाइलवर पाहून सांगितलं, "मम्मी, थो देश त समुद्रात बुडून राहिला." पुढच्या गुरुवारी काकू उभी राहिली, पदर नीट केला आणि म्हणाली, "देवा, माह्या देशाले पानी पुरे झालं. आता उरलेलं इकडं वळव." रूथमावशींनी पदर तोंडात कोंबला, तरी त्यांचे खांदे गदगदा हलत होते. देवाच्या पुढ्यात हसलेलं चालतं, हे मी त्या अंगणात शिकले.

तर त्या वर्षी माझ्या चिठ्ठीत मादागास्कर निघालं. नकाशात शोधलं, आफ्रिकेच्या कुशीला एकटंच पडलेलं. तिथे वादळं येतात, तिन्ही त्रिकाळ भात खातात, डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर दवाखाना म्हणजे दिवसभराची वाट, इतकं कळलं. मला पुष्कळ झालं. वादळ सोडलं तर हे सगळं आमच्या मेळघाटासारखंच की! आमच्या ह्यांनी अख्खी नोकरी एसटीत काढली, परतवाडा ते सेमाडोह घाटातून बस चालवली. आजारी पोर पदरात घेऊन रस्त्यात हात दाखवणाऱ्या बाया त्यांनी किती वेळा गाडी थांबवून घेतल्या असतील. सुवार्ता अकोल्याहून नर्सिंग शिकून आली आणि सेमाडोहच्या पलीकडे एका छोट्या मिशन दवाखान्यातच लागली, ती बापाच्या तोंडून हेच ऐकत मोठी झाली म्हणून. शनिवारी जीपमध्ये कोंबून घरी यायची, अंगाला लाकडाच्या धुराचा वास. कोरकू भाषा फाडफाड बोलायची. मला अभिमान होता, सांगते ना. मुख्य म्हणजे ती शनिवारी घरी यायची.

आणि काय हंगाम होता तो! वावरं पांढरीशुभ्र झाली होती. रस्त्याच्या बाभळींना ट्रकमधून उडालेला कापूस लटकलेला. तूर फुलून पिवळी झाली होती, आणि लवकर धरलेल्या शेंगांचे सोले बाजारात आले होते. सकाळी धुकं, दुपारी कोवळं ऊन, संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरून सोल्यांच्या भाजीचा वास. पण कापूस वेचायला माणूस मिळेना. शेतकरी सकाळीच जीप घेऊन गावोगाव फिरायचे. बसस्टँडवर, पिठाच्या गिरणीत, चर्चच्या पायरीवर एकच वाक्य ऐकू यायचं, "बाया भेटून नाही राहिल्या." वानखडेकाकू तर कुंपणाशी उभ्या राहून रडकुंडीला आल्या होत्या. उभं पीक, आणि हात नाहीत.

तेच डोक्यात घेऊन मी त्या गुरुवारी प्रार्थनेला उभी राहिले. अंगणात ऊन होतं. मधे चादरीवर तुरीच्या शेंगांचा ढीग, सगळ्या जणी सोलत बसलेल्या. आमच्याकडे प्रार्थना चालू असली तरी हात रिकामे नसतात. सुवार्ता सुट्टीवर आली होती, तीही सोलत होती. मी डोळे मिटले आणि सुरू झाले.

"देवा, आमच्या काकूच्या वावरात कापूस फुटून लोंबून राहिला आणि वेचायले बाया नाही. तसंच मादागास्करात मानसं दुखण्यानं पडून हायेत आणि पाह्यले कोनी नाही. तिथं एक बाई पाठव. पन कशीबी नोको पाठवू. जंगलाले भ्यायची नसावी. चिखलातून चालाची सवय असावी. सुई देतांना हात हलका असावा. नवी भाषा लवकर शिकन अशी पाह्य. भात पाहून नाक मुरडनारी नोको. आणि लग्नाची घाई नसन त अजून बरं."

मला वाटलं, काय छान मागितलं! वधू-वर मेळाव्यात स्थळ सांगतात तसं अगदी सविस्तर. आमेनची वाट पाहिली. आमेन येईना. शेंगा फोडल्याचा आवाजही बंद झाला. डोळे उघडले तर सगळ्या बायका सुवार्ताकडे बघत होत्या. माझी पोरगी, जी लहानपणापासून भाकरी बाजूला सारून भात मागायची, ती मान खाली घालून एकच शेंग दोन्ही हातांत धरून बसली होती. रूथमावशी म्हणाल्या, "निर्मले, तू त त्याले पत्ताच देऊन राहिली व."

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. मला वाटलं, गंमत झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात बसवून मी तिच्या डोक्याला तेल लावत होते. ती म्हणाली, "आई, तू मागतली ती बाई भेटली असन त?"

"भेटली? इतक्या लवकर? कोन व?"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तेलाची वाटी माझ्या हातात तशीच राहिली.

"बह्याड झाली का तू?" मी म्हटलं. "मेळघाट काय कमी पडला? इथं दुखनेकरी संपले?"

"मेळघाटात आता दोघी नव्या आल्या, मीच शिकवल्या. चांगल्या तयार झाल्या. मादागास्करातल्या दवाखान्यात एकही नर्स नाही, आई. मी चौकशी केली." म्हणजे चौकशीसुद्धा झाली होती! मी प्रार्थना करत होते आणि बाईसाहेब चौकशी करत होत्या.

हे दाराशी पेपर घेऊन उभे होते. मला वाटलं, बाप आहे, एक आवाज देतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "तिथं घाट हाय का?" पोरगी म्हणाली, "हाय, पप्पा. गंज मोठा, आपल्या घाटाहून बी." हे म्हणाले, "मंग जीपमधे ड्रायव्हरच्या मागं बसत जाजो. बाजूले नोको बसू." संपलं त्यांचं. मी एकटी पडले.

मला राग आला होता, आणि राग कुणावर काढावा हेच कळत नव्हतं. देवावर काढावा, तर मागितलं मीच. भाषेपासून भातापर्यंत सगळं मीच सांगितलं होतं. मी मादागास्करचं नाव घेणं बंद केलं. गुरुवारी माझी पाळी आली की म्हणायचे, "घसा बसला." रूथमावशी नुसतं बघायच्या आणि पुढच्या बाईला म्हणायच्या, "तू कर व, निर्मलेचा घसा देवाले माहीत हाय." असा राग यायचा!

चार दिवस अकोल्याला बहिणीकडे जाऊन राहिले. तिथे मेहुण्यांनी नेहमीची फिरकी घेतली. "ताई, तुमी इथं अंगनात बसून आफ्रिकेसाठी मागता, त्यानं तिथं काय होते?" एरवी मी त्यांना धुऊन काढलं असतं. त्या दिवशी घास तोंडातच राहिला. काय होतं म्हणे! माझ्या घरातून पोरगी चालली होती, अजून काय व्हायला पाहिजे? ताटावर बसून रडायला लागले. मेहुणे बिचारे घाबरले, बायकोला म्हणाले, "म्या त गमतीनं म्हटलं." बहिणीने मला गरम भाकरी वाढली, वर तूप सोडलं आणि म्हणाली, "रड, पन जेवून रड." तिच्या हातची ती भाकरी अजून आठवते. दुःखातही भूक लागते, आणि वऱ्हाडात कुणी कुणाला उपाशी रडू देत नाही.

निघायचा दिवस आला तेव्हा थंडी सरत आली होती. बडनेऱ्याच्या फलाटावर चर्चची अर्धी मंडळी लोटली. बायकांनी डफ आणला होता, गाणी चालली होती, चहावाला थांबून ऐकत होता. मार्थाकाकूने सोल्यांच्या कचोऱ्या आणल्या, वानखडेकाकूंनी तूरडाळ आणि एक शाल. शाल कशाला, तिथे गरम होतं, असं सुवार्ता म्हणाली, तर काकू म्हणाल्या, "परदेश म्हटला का थंडीच राह्यते, घे मुकाट्यानं." गाडी लागली तशी पोरगी माझ्यापुढे वाकली. "आई, प्रार्थना कर ना." मी म्हटलं, "जाय, चढ, गाडी सुटन." शेवटी रूथमावशींनीच प्रार्थना केली. माझा घसा त्या दिवशी खरोखर बसला होता.

त्यानंतर तीन वेळा सुपातून चिठ्ठ्या उचलल्या. मला दुसरे देश निघाले. मी त्यांच्यासाठी मागते, मनापासून मागते. घसा बराच सुधारला आहे. मादागास्कर मात्र मी रूथमावशींवर सोडलेलं आहे.

पण मजा बघा. सुवार्ताने ही चिठ्ठ्यांची रीत तिथल्या बायकांना सांगितली. त्यांना इतकी आवडली की त्यांनीही सुरू केली. आणि कुणीतरी पहिल्याच वर्षी हट्ट धरला की नर्सबाईंच्या गावाचं नाव चिठ्ठीत घाला. म्हणजे जगाच्या नकाशावर आता फ्रान्स आहे, ब्राझील आहे आणि परतवाडा आहे. ती चिठ्ठी निघाली रासुआबाईंना. म्हातारी, डोक्याला फडकं, समोरचे दात नाहीत. समुद्रकाठच्या गावची, नवरा मासे धरायला जायचा, तो एका वादळातून परत आला नाही, तेव्हापासून ती लेकाकडे, दवाखान्याजवळ राहते. ती बाई रोज काय मागते? तर परतवाड्याचा समुद्र शांत राहो आणि परतवाड्याच्या होड्या संध्याकाळी सुखरूप काठाला लागोत. सुवार्ताने हे सांगितलं तेव्हा मी हसून हसून खाली बसले. ह्यांनी बाजारात जाऊन सगळ्यांना सांगितलं. आता संध्याकाळी उशिरा शेवटची बस डेपोत शिरली की आमचे हे म्हणतात, "लागली होडी काठाले."

हसता हसता वाटतं, आम्ही सगळ्याच बायका आपल्या अंगणातलंच मागत असतो. जे आपल्याकडून गेलं, ते दुसरीचं जाऊ नये म्हणून मागतो. रासुआबाईंनी मागावं तर आणखी काय मागावं? आणि तिचं ऐकलंही जातं. परतवाड्यात आजवर एक होडी बुडालेली नाही.

आज संध्याकाळी सुवार्ताचा व्हिडिओ कॉल आला. तिला उद्या दवाखान्याला कळवायचं आहे. "आई, सांग मंग. येऊ का वापस?" मी म्हणणारच होते. शब्द ओठांवर होता. तेवढ्यात मागून रासुआबाई आल्या आणि त्यांनी सरळ फोनच हातात घेतला. माझ्याशी बोलू लागल्या. त्यांच्या भाषेत, भराभरा, हातवारे करून. मला एक अक्षर कळेना. मीही वऱ्हाडीत सांगितलं, पाय दुखतात, थंडी पडली, तुमची तब्येत कशी. त्यांनाही काही कळलं नसणार. दोघींच्या छान गप्पा झाल्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. सुवार्ता त्यांच्या खांद्यामागून मला मराठीत सांगत होती.

"देवा, परतवाड्यात आई-बाप दोघंच हायेत. म्हातारे होऊन राहिले."

"म्हातारे काहून?" हे म्हणाले. मी त्यांना गप्प केलं.

"त्या घरी कोनीतरी पाहिजे. तिकडं एक बाई पाठव."

मला फार बरं वाटलं. पुढचं ऐकायला मी फोनजवळ सरकले, तर सुवार्ता गप्पच झाली.

"सांग ना, पुढं काय म्हनते?"

"म्हनते का… हीच पाठव. हिच्या आईले हिची जास्त गरज हाय."

रासुआबाईंची सून गरोदर आहे, हे मला ठाऊक होतं. आधीची दोन पोरं, सुवार्ता तिथे जायच्या आधी, लांबच्या दवाखान्याला पोचेपर्यंत रस्त्यातच गेली. यंदा नर्सबाई जवळ आहे म्हणून ती म्हातारी धीर धरून होती. ती बाई, तिचे डोळे घट्ट मिटलेले, माझ्या घरासाठी माझीच पोरगी मागत होती. मी जे मागणार होते, तेच. माझ्या वाट्याचं तिने मागून टाकलं.

मला काय झालं कोणास ठाऊक. मी ओरडले, "थांबव तिले! सुवार्ता, तिले आमेन म्हनू देऊ नोको!"

"आई, प्रार्थना चालू हाय, मधेच कसं—"

"मंग मी बी करते!" आणि मी डोळे मिटले. इतक्या वर्षांनी ते नाव तोंडात आलं. "देवा, तिचं काही ऐकू नोको. मादागास्करात बाई पाठव म्हनून मीच मागतलं होतं, आणि नीट पाहूनच पाठवली तू. आता तिथंच ठेव. नाताळाले आठ-पंधरा दिवस धाड, मले डोयाभर पाहू दे, आणि सुनेच्या बाळंतपनाआधी तिथं पोचव. म्हातारीच्या हातात नातू दे."

तिकडून रासुआबाईंनी एक डोळा उघडून पाहिलं. त्यांना भाषा कळली नाही, पण मी त्यांच्याविरुद्ध मागते आहे हे बरोबर कळलं. त्यांनी आवाज चढवला. इकडे हे हळूच नाक पुसत होते. मधे माझी पोरगी फोन सांभाळत रडत होती आणि हसत होती, आणि कुणाचंच भाषांतर करत नव्हती. रासुआबाईंनी आवाज आणखी चढवला. पण मीही परतवाड्याची आहे. मी काय थांबते?